कपलरमधल्या मुंग्या

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाला वजन करायला लागला की मी काट्याकडे बघत नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघते. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर मी बरीच वर्षं काढली, तिथे हा स्वभाव कामाला आला. वायर जिथे एकमेकींना जोडतात त्या प्लॅस्टिकच्या कपलरमध्ये पिन बसली की टक् असा आवाज येतो. बाकीच्या बाया आवाज ऐकून पुढे जायच्या, मी वायर ओढून बघायचे. सुपरवायझर म्हणायचा, "मॅडम, नवऱ्यालाही असंच ओढून बघता का?" बघते की. त्यात काय लाजायचंय.

ती लाइन बंद पडल्यावर मी कुरुळीत गाळा घेतला. आधी टेंपोंची वायरिंग करायचे. मग धरणावरच्या एका बोटवाल्याने बोटीचे दिवे, पंप, बॅटरीची जोडणी असं सगळं करून मागितलं, आणि त्यापाठोपाठ बोटीला लटकवतात त्या आउटबोर्ड मोटरीही दुरुस्तीला यायला लागल्या. प्लग, गिअर ऑइल, पाणी ओढणारा रबरी पंखा, हळूहळू सगळं शिकले. बाई मोटर खोलतेय म्हटल्यावर लोक सुरुवातीला थांबून बघायचे. नंतर त्यांनाही कामं होती.

त्याच बोटवाल्याकडे मी माझ्या धाकट्या भावाला बोट चालवायला लावून दिलं. भावाला आधी कंपनीत बरी नोकरी होती. तिथे सकाळी गेटवर वॉचमन यंत्र पुढे करायचा, त्यात फुंकायचं आणि मग आत जायचं. एके दिवशी त्याच्या फुंकरीला लाल दिवा लागला. नोकरी गेली. मग त्याने दारू सोडली, आणि ती खरंच सुटली असं आम्ही घरातले धरून चाललो होतो. मालकाला मी माझ्या जबाबदारीवर सांगितलं होतं की हा पिऊन बोटीवर चढणार नाही. पाण्यावरचं काम, लेकरंबाळं बसवून न्यायची असतात. भावाची ही शेवटची नोकरी आहे, हे त्याला कळत होतं आणि मलाही.

भाऊ बोटीवर रुळला आणि मोटर रुसायला लागली. महिना-पंधरवडा छान चालायची, मग एका सकाळी किल्ली फिरवली तरी पेटायची नाही. स्टार्टर फिरतोय, पेट्रोल येतंय, पण प्लगला ठिणगी नाही. मी जायचे, पॅनेल उघडायचे. चालवणाऱ्याच्या कमरेला एक लाल, गुंडाळीची दोरी अडकवलेली असते, तिचं दुसरं टोक पॅनेलवरच्या स्विचला. माणूस पाण्यात पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद होतं. त्या स्विचच्या दोन वायरी आपसात लागल्या तर इंजिनाला वाटतं माणूस पडला, आणि ते पेटत नाही. दर वेळी घोळ नेमका तिथल्याच कपलरमध्ये. पिनांवर हिरवा गंज.

इथे माझे कान उभे राहिले. असा हिरवा गंज समुद्रावरच्या मोटरींना चढतो. धरणाचं पाणी गोडं, त्याने एवढ्या लवकर पिना खाल्ल्या जात नाहीत. म्हणजे कुणीतरी काहीतरी सांडतंय, नाहीतर मुद्दाम ओततंय. मालकावर माझा पहिला संशय गेला, की याला भावाला काढायला निमित्त पाहिजे असेल. मालक इथलाच जुना गाववाला. बोटींच्या आधी त्याचे कंपन्यांच्या मालाचे टेंपो होते. त्याचा फोन आला तोही तसाच.

"ताई, तुमचं काम बराबर हाय, पन मशीन परत मेलं. पार्टी मधोमध अडकली, वल्ही मारत आनली. तुमचा भाऊ त्याला हात तर लावत न्हाई ना? पुढच्या येळंला आसं झालं तर मी दुसरा मानूस बघनार."

मी तणतणतच धरणावर गेले. भाऊ तिकिटाच्या खिडकीशी गेला होता. मी पॅनेल खोललं, कपलर सोडवला, आणि त्यातून मुंग्या बाहेर आल्या. बारक्या, लाल, चांगली रांग धरून. पिनांना काहीतरी चिकट लागलेलं. नाकाशी धरलं तर आंबूस वास. मुंग्या गोडाला येतात. गोड, चिकट आणि आंबूस, म्हणजे कोल्ड्रिंक आणि त्यात मिसळलेली ती. मालकावरचा सगळा संशय त्या क्षणी उठला आणि जाऊन भावावर बसला.

त्याला मी गाळ्यावर बोलावून घेतलं. आल्याआल्या विचारलं, "परत सुरू केलंस?"

"काय?"

"येड पांघरू नकोस. पॅनेलवर काय सांडतोस?"

तो खाली बघत राहिला. निर्दोष माणूस ताडकन बोलतो, असं माझं मत. हा गप्प, म्हणजे पाणी मुरतंय. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "फुंक."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग जरासा वाकला आणि माझ्या तोंडासमोर फुंकला. चहाचा वास आला, आणि सुपारीचा.

"झालं समाधान, अक्का?" त्याने विचारलं.

कसलं समाधान. आत्ता प्यायला नसेल, बोटीवर पीत असेल, असं मी मनात म्हटलं. त्याच संध्याकाळी धरणावर जाऊन कपलर नवा बसवला, मोटर माझ्या हाताने चालू करून बघितली, आणि कुणाला न सांगता दुसऱ्या दिवशी सकाळीच परत धरणावर जायचं ठरवलं. चोर रंगेहाथ धरायचा होता. चोर आपला भाऊ आहे याचं वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त संताप येत होता. स्कूटर मी वरच्या चहाच्या टपरीपाशीच लावली आणि चालत उतारावर आले.

खाली बोटीपाशी मालक उभा होता. आंघोळ करून, कपाळाला गंध लावून. अमावस्या होती, माझ्या ध्यानातच नव्हतं. आमच्या पट्ट्यात अमावस्येला गाडीपुढे, मशीनपुढे, गाळ्याच्या उंबऱ्यावर नारळ फुटतो. मीही फोडते. मालकाने उदबत्ती ओवाळली, नारळ दगडावर आपटला, आणि दोन्ही भकलांतलं पाणी मोठ्या भक्तिभावाने आधी मोटरीच्या डोक्यावर आणि मग पॅनेलवर ओतलं. किल्लीवर, लाल दोरीवर, सगळ्यावर. जुन्या टेंपोच्या बॉनेटवर ओतत असेल अगदी तसंच. बॉनेटला काही होत नाही, धुतलं जातं. इथे ते गोड, राहिलं की आंबणारं पाणी स्विचमधून खाली कपलरमध्ये उतरत होतं.

भाऊ बाजूला टोपी काढून, हात जोडून उभा होता.

मालक गाडीत बसून गेला. त्यासरशी भावाने खिशातला रुमाल काढला, पॅनेल पुसलं, खाली हात घालून कपलर सोडवला आणि त्यात फुंकर मारायला लागला. एक एक पिन सुकवत होता. मी मागे जाऊन उभी राहिले तरी त्याला कळलं नाही.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

तो दचकला. मग कपलर हातात तसाच धरून म्हणाला, "पहिल्यापासून. मी पुसतो, पण सगळं निघत नाही."

"मग काल बोलला का नाहीस? मी तुला काय काय बोलले."

"तुला सांगितलं असतं तर तू मालकाला फोन लावला असतास. देवाच्या पाण्यावरून भांडली असतीस. तुझं तोंड मला ठाऊक आहे, अक्का. मग माझी नोकरी कुठे राहिली असती?" तो परत कपलरमध्ये फुंकला. "दारुडा म्हणालीस ते घरातल्या घरात होतं. ते चाललं."

मी त्याच्याकडचा रुमाल घेऊन उरलेल्या पिना पुसायला लागले. रागही धड कुणावर काढता येईना.

भांडायचं नाही, एवढं मात्र डोक्यात पक्कं बसलं. पुढच्या अमावस्येला मी मुद्दाम त्याच वेळी गेले. मालकाने नारळ हातात घेतल्यावर साधेपणाने म्हटलं, "मालक, रस्त्यावरच्या गाडीचा नारळ गाडीपुढे. पाण्यावरच्या गाडीचा पाण्याला द्यायचा असतो. कोळी लोक दर्याला देतात ना, तसा."

मालक विचारात पडला. "व्हय की," तो म्हणाला. "आमी आपलं टेंपोवानी करत व्हतो. आमाला कुनी सांगितलंच न्हाई." आणि त्याने न फोडलेला अख्खा नारळ दोन्ही हातांनी पाण्यात सोडला. भावाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कपलरमध्ये मी ग्रीस भरून ठेवलं ते वेगळंच. मोटर त्यानंतर रुसली नाही, आणि दुसरा माणूस बघायची भाषा मालकाने परत केली नाही.

भाऊ परवा गाळ्यावर आला होता. बोटीच्या दिव्याचा फ्यूज न्यायला. मी बाकावर मोटर खोलून बसले होते, हात तेलाने माखलेले. मी म्हटलं, "ये, बस, चहा सांगते." तो बसला नाही. आधी माझ्यासमोर आला, जरासा वाकला, आणि मी काही विचारायच्या आत माझ्या तोंडासमोर फुंकला. गेटवर फुंकायचा तसा, सवयीने.

मग स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "हां, सांग चहा."