यादीत नसलेला हंडा

अन्याय झाला तो माझ्या आईवर. गणपतीच्या आधीच्या रविवारी, सकाळी साडेदहा वाजता, कर्जतच्या भिसेगावातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, मामा-मामी आणि शेजारच्या काकू चहा पीत बसलेले असताना. अन्याय करणारी मी. मी आईला म्हणाले, "तूच मारलंस तिला." मेली होती ती एक कोळंबी.

हसू आलं असेल तर हसून घ्या. मामाही आधी हसलाच होता.

चार वर्षं मी पत्रकं लिहिते. खालापूरच्या बाजूला गोदामांसाठी भराव टाकून ओढे बुजवतात, त्याची. पत्रक लिहायला शिकवलं तेव्हा मला सांगितलं होतं की कोणावर अन्याय झाला आणि कधी, ते आधी लिही, रडगाणं मागून. माझ्या सगळ्या पत्रकांत दोषी दुसरंच कोणीतरी असतं. हे पहिलं, ज्यात तसं नाही.

आई बावीस वर्षं खालापूरकडच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. बावीस वर्षं उभी. गुडघे गेले तेव्हा कंपनीने शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि संपलं. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. मग ती प्लॅस्टिकच्या खुर्चीत दाराकडे तोंड करून बसायला लागली. टीव्ही चालू असायचा, पण ती बघत नसायची. मी सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे, खुर्ची तिथेच. "काय केलंस दिवसभर?" विचारलं की म्हणायची, "दिवस केला."

एकदा तिला दाताच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे बाहेर खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले मासे, पाण्याबरोबर हलणारी प्रवाळं, निळसर उजेड. कंपाउंडरने आमचा नंबर तीनदा पुकारला आणि आईला ऐकूच गेला नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, जे मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. तिथेच मी ठरवलं.

पनवेलच्या दुकानातल्या माणसाने आधी विचारलं, "घरात जेन्ट्स कोणी नाही का, सेटिंगला?" मी म्हटलं, "तुम्ही यादी सांगा." त्याने सांगितली, मी वहीत उतरवली. तीन फुटी काचेची टाकी आणि वजन पेलेल असं लोखंडी स्टँड. समुद्राचं तयार मीठ, कारण स्वयंपाकाच्या मिठात प्रवाळ जगत नाही. खारटपणा मोजायची, डोळ्याला लावून बघायची नळी. नळाचं पाणी चालत नाही, म्हणून आरओ फिल्टर. पाण्यातली घाण फेस करून वर काढणारा स्किमर. लाटा करणारे दोन छोटे पंखे, त्यांना वेव्हमेकर म्हणतात. प्रवाळांसाठी वेगळा दिवा आणि त्याला टायमर. खडक. पाणी तपासायच्या थेंबांच्या बाटल्या. आणि हीटर.

"कर्जतला हीटर?" मी म्हटलं. "मे महिन्यात आमच्याकडे माणसं उकडतात."

"मग चिलर घ्या."

चिलर झेपणारा नव्हता. त्याऐवजी पाण्यावर वारा सोडणारे दोन पंखे बसवा, पाणी दोनेक डिग्री उतरतं, असं तो म्हणाला. मी बसवले. खरंच उतरलं. पण वाऱ्याने पाणी उडतं. मीठ आत राहतं आणि नुसतं पाणी जातं, म्हणून रोज दोन लिटर आरओचं बिनमिठाचं पाणी वरून घालावं लागतं. हे दोन लिटर लक्षात ठेवा. माझ्या लक्षात राहिले नाहीत.

टाकी भरली आणि दीड महिना तिच्यात एकही जीव सोडायचा नाही, हा नियम. खडकांत न दिसणारे जिवाणू वाढावे लागतात; ते माशांची घाण पचवतात. दीड महिना आमच्या घरात मिठाचं पाणी आणि दगड यांच्यावर दिवा लागत होता.

"मीठ झालं, पानी झालं," आई म्हणायची. "आता तांदूळ कधी वैरायचे गं?"

मामा कोंडाणे गावाहून आला की भर घालायचा. "समुद्र बगायचाय तर अलिबागला जा की. यष्टी जाते. घरात कशाला आनलास?"

"तिला विचार," आई म्हणायची. " मी म्हनलेलं एक मांजर आन."

पण खुर्ची हळूहळू फिरली. आधी दार आणि टाकी यांच्या मधोमध, मग पूर्ण टाकीकडे. मी फिरवली नव्हती.

दीड महिन्याने दोन नारिंगी मासे आणले, चार शंखातल्या गोगलगाई, दोन मऊ प्रवाळं आणि ती. बोटाएवढी, पाठीवर लाल पट्ट्यांमधून गेलेली पांढरी रेघ, लांब पांढऱ्या मिशा. ही कोळंबी माशांचं अंग साफ करते.

"एकच?" आई म्हणाली. "एकीचं कालवण कसं व्हायचं?"

मग एक दिवस तिने पाण्यात हात घातला आणि कोळंबी खडकावरून उतरून हातावर आली. बारीक पायांनी नखांच्या कडा टोकरायला लागली. आई श्वास रोखून उभी. नंतर हे रोजचं झालं. मी सांगितलं होतं, हाताला साबण नको, क्रीम नको, नुसत्या पाण्याने धू. ती तीनदा धुवायची. काकूंना जिन्यातून हाक मारून बोलवायची, "या, बाई नखं कापायला आल्यात." कंपनीत तिच्या नखांत कायम पुठ्ठ्याची कूस असायची. आता ती स्वतःची बोटं उजेडात धरून बघायची.

एकदा दुपारी तिचा फोन आला. रडत होती. "बाई मेली गं. आडवी पडलीय." मी घरी येऊन पाहिलं तर ती नुसती पोकळ साल होती, काचेसारखी. "आई, कात टाकलीय. मागे बघ." बाई खडकामागे लपली होती, नवीन होऊन. मी खूप हसले. आईने ती साल एका डबीत ठेवली.

आणि लाईट गेली तो दिवस. यादीत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप नव्हता. आमच्या भागात तो यादीत पहिला हवा, पण दुकानदार मोठ्या वस्तूंत रमला होता. मी खालापूरला होते. फोनवर म्हटलं, "आई, मगाने पाणी उचल आणि उंचावरून ओत. हवा मिसळली पाहिजे." मी घरी पोहोचेपर्यंत साडेतीन तास झाले होते. ती टाकीपाशी उभी होती, गुडघे सुजून टम्म, हातात प्लॅस्टिकचा मग. "हात थांबवला का ते वर येऊन तोंड वासतात," म्हणाली. एकही जीव गेला नाही.

हे मुद्दाम लिहिते. तिला जे जे सांगितलं, ते ते तिने केलं. सांगितलेलं एकही चुकवलं नाही.

रोजचं दोन लिटर पाणीही तीच घालायची. मी घरात असायचेच कुठे? फिल्टरचं पाणी निळ्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरून ठेवायचे आणि जायचे.

पावसाळा अर्धा झाला तेव्हा एक गोगलगाय उलटी पडली. मग दुसरी. प्रवाळं मिटली ती उघडेनात. मी थेंब टाकटाकून पाणी तपासलं. सगळं बरोबर. दुकानदाराला फोन करून झापलं. तो निवांतपणे म्हणाला, "मॅडम, तांबं तपासलंत का? माशांना चालून जातं एखादवेळ. गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ, यांना थोडंसुद्धा चालत नाही."

तांबं कुठून येणार? बिल्डिंगच्या बोअरमधून, दुसरं कुठून! माझं ठरून गेलं. कोणीतरी वरच्या अंगाला काहीतरी सोडतंय, जमिनीत मुरतंय. त्या आठवड्यात मी एक पत्रक लिहायला घेतलं. तीन परिच्छेद झाले होते. आपल्या बायाबापड्या हे पाणी पितात, असं एक वाक्य होतं त्यात.

त्याच आठवड्यात बाई आडवी पडली. आईने मला फोन केला नाही. ती शिकली होती. मी घरी आल्यावर हसून म्हणाली, "कात टाकली बघ. मागं लपली असंल." दोन दिवस ती खडकामागे बघत बसली. हात पाण्यात सोडून ठेवायची. मी पत्रकात गुंतले होते, मीही नीट पाहिलं नाही. शनिवारी चिमट्याने उचललं तर साल नव्हती. आत भरीव, पांढुरकी, शिजल्यासारखी.

आईने सालीची डबी फक्त उघडून परत बंद केली.

रविवारी सकाळी मी तांबं तपासायचे थेंब घेऊन बसले. पुराव्याशिवाय पत्रक काढायचं नाही, हाही शिकलेला नियम. बोअरचं पाणी घेतलं. स्वच्छ. फिल्टरचं. स्वच्छ. कॅनमधलं. स्वच्छ. टाकीतलं घेतलं, तर रंग आला. मी बाटल्या पुढे ठेवून बघत राहिले. पाहुणे आल्यामुळे आईला उशीर झाला होता. ती उठली, स्वयंपाकघरातून तांब्या भरून आणला आणि टाकीवर वाकली.

"कुठलं पाणी आहे ते?"

"हंड्यातलं."

"कॅनमधलं घालायचं होतं ना?"

"कॅनमधलंच हाय. रातीच हंड्यात वतून ठेवते. प्लॅस्टिकचा वास मारतो त्याला."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. का गं?"

तांब्याचा हंडा. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी नेरळच्या बाजारातून आणलेला. रोज चिंच लावून घासलेला, लाल लखलखीत. आमच्याकडे पाहुण्याला पाणी देतात ते त्यातलं, देवाला ठेवतात ते त्यातलं. फिल्टरचं पाणी इतकं कोरं असतं की ते भांड्याचं तांबं ओढून घेतं. रोज दोन लिटर. पाणी उडून जातं, तांबं राहतं.

तेव्हा मी ते म्हणाले. "तूच मारलंस तिला." आवाज चढलेला होता. जिन्यात ऐकू गेला असणार.

मामा हसला. "एका कोळंबीपायी आयवर वरडतीस व्हय गं? संध्याकाळी किलोभर आनतो." मग त्याने आईकडे पाहिलं आणि कपात बघायला लागला.

आई म्हणाली, "चांगलं म्हनून दिलं गं. घरातलं सगळ्यात चांगलं."

तिने तांब्यातलं पाणी परत हंड्यात ओतलं. सावकाश, एक थेंब बाहेर न सांडता.

मला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी दुकानदाराने सांगितलं होतं, मासा आजारी पडला तर तांब्याचं औषध घालू नका, बाकीचे जीव मरतील. मिठाच्या बादलीवरही छापलेलं होतं, इंग्रजीत, बारीक. मी वाचलं होतं. पुन्हा लिहिते, मला ठाऊक होतं. गावोगाव फिरून बायकांना माहितीचा अधिकार समजावते मी. घरात जी बाई दिवसभर त्या पाण्याजवळ बसत होती, तिला साबण सांगितला आणि तांबं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, मला वाटलंच नाही की तिला एवढं सगळं कळायची गरज आहे. ती पाणी घालणारी. टाकी माझी.

माफी मागितली. संध्याकाळी, स्वयंपाकघरात, ती भाकरी थापत असताना. आरोप चार माणसांसमोर आणि माफी कोणाहीसमोर नाही. हेच दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याच्या दारात घोषणा दिल्या असत्या. ती म्हणाली, "जाऊ दे. तुजं तू बघ आता."

तेव्हापासून मी बघते. पाणी चारदा बदललं, तांबं शोषून घ्यायला कोळशाच्या पिशव्या टाकल्या. दुकानदार म्हणतो, तांबं खडकात बसलंय, ते थोडं थोडं सुटतच राहणार. एक नवी गोगलगाय सोडून पाहिली. चार दिवस टिकली. आता ह्या खडकांवर कोळंबी जगणार नाही, आणि नवे खडक आणू का, असं विचारलं तर आई म्हणते, "नको. अजून कोनाला मारू?"

हंडा गॅलरीत पालथा आहे. ती स्वतःही त्यातलं पाणी पीत नाही. मी सांगितलं, आई, माणसाला त्याने काही होत नाही, तू जन्मभर प्यायलीस. म्हणाली, "तुला तरी सगळं कुठं म्हाईत असतं?" प्लॅस्टिकच्या बाटलीतून पिते. पिताना नाक मुरडते.

दोन्ही मासे जिवंत आहेत. आई समोरून गेली की काचेला येऊन लागतात. ती बघत नाही. खुर्ची परत दाराकडे आहे. मी दोनदा टाकीकडे फिरवून ठेवली, संध्याकाळी येऊन पाहिलं तर दाराकडे. काय केलंस दिवसभर, हे मी आता विचारत नाही.

हे लिहिलंय ते छापून आधी मामाला देणार आहे, मामीला आणि काकूंना. ज्यांनी ऐकलं, त्यांनी हेही वाचावं. त्याने कोळंबी परत येत नाही आणि खुर्ची फिरेल असंही मला वाटत नाही.

तुमच्यापैकी कोणी खाऱ्या टाकीची यादी करत असेल. ती यादी आत्ता हातात घ्या. तुमच्या घरात दिवसभर जे माणूस असतं, त्याच्यासमोर बसा आणि त्याच्या भाषेत, मोठ्याने, सगळी वाचून दाखवा. आधी हे सांगा की आत काय जाऊ द्यायचं नाही. घरातला प्रत्येक हंडा, तांब्या, घंगाळ त्याच्याबरोबर हिंडून बघा. त्याने विचारलेल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन होईपर्यंत एकही जीव विकत आणू नका.