कौन्सिलमधली जादा खुर्ची

“ट्रेनीला कौन्सिलवर घ्यायचं? तेही मतासकट? उद्या म्हणाल, मेसच्या आचाऱ्याला घ्या!” अध्यक्षांनी पेन टेबलावर आपटलं.

“घ्या की! सांबाराबद्दल निदान जाणकार माणूस बोलेल,” मी म्हटलं.

हे भांडण कसं मिटलं ते सांगतेच. पण आमच्या कौन्सिलचे किस्से म्हणजे माळ्यावरची पातेली. एक ओढावं, तर चार अंगावर येतात!

*

देशभरातले नवे अधिकारी इथे बेंगळुरूत शिकायला येतात. त्यांची शाळा कशी चालवायची, ते कौन्सिल ठरवतं. सगळे रिटायर्ड साहेब, आणि जनतेतर्फे मी. इथल्याच येलहंक्याची, सातवी पास! इंग्रजी शिकले ती पाणीपट्टीच्या नोटिसांना उत्तरं लिहून.

पहिल्याच मीटिंगला अध्यक्षांनी अदबीनं विचारलं, “मॅडम, आपलं डिपार्टमेंट?”

“पब्लिक!”

*

मी काहीही सुचवलं, की मिनिट्समध्ये एकच शब्द यायचा: ‘नोटेड’. मला वाटायचं, काम झालं! शेवटी डायरेक्टर मंगळाला विचारलं. ती इथलीच, मला अज्जी म्हणते.

“अज्जी, नोटेड म्हणजे नोडोणा.”

“अगं, म्हणजे आमच्या मराठीतलं ‘बघू’!”

तेव्हापासून कुणी ‘नोटेड’ म्हटलं, की मी विचारते, “कधी?” आता त्या शब्दापुढे तारीख पडते. आणि खोटं कशाला बोलू, कामंही होतात!

*

ट्रेनींना एक दिवस ओळख न सांगता सरकारी कचेरीत पाठवायचं, साधा दाखला काढायला. ही माझी सूचना पास झाली. माझी कसली, नागपूरच्या रेश्माची! ती ट्रेनी. तिला मीटिंगला बंदी, म्हणून व्हरांड्यात मला सांगायची आणि मी आत जाऊन गरजायची.

स्वतः रेश्मा गेली, ती संध्याकाळी हात हलवत परत.

“आजी, ‘स्वल्प वेट माडी’ म्हणाले. मी थांबले. मग त्यांचा लंच झाला, मग चहा झाला, मग ऑफिसच बंद झालं!”

“आणि तुझं काय झालं?”

“डोकं गरम! माझ्या ऑफिसात असं होऊ देणार नाही, आजी.”

*

आणि हाच दिवस अध्यक्षांना बंद करायचा होता. ‘अधिकाऱ्यांना शोभत नाही’ म्हणे! त्यावर बोलायला रेश्मा आत हवी, मत देणारी हवी. म्हणून मी ट्रेनींसाठी जादा खुर्ची मागितली, आणि ते पेन आपटलं गेलं.

आज रेश्मा त्या खुर्चीवर बसते. कचेरीचा दिवसही चालू आहे. ठराव एकमतानं पास झाला, अध्यक्षांच्या मतासकट!

झालं काय, भांडणाच्या त्या दिवशी सकाळी अध्यक्षांनी ट्रेनींना ‘सुशासन’ या विषयावर लांबलचक लेक्चर दिलं होतं. पहिल्या रांगेतले आम्ही कौन्सिलवाले एकेक करून कॉफीला सटकलो होतो. दुपारी मीटिंगमध्ये तेच मला दरडावून विचारत होते, “या पोरांपाशी असं काय आहे, जे आमच्यापाशी नाही?”

मी म्हटलं, “सहनशक्ती! तुमचं लेक्चर शेवटपर्यंत ऐकलंय ते फक्त त्यांनीच, साहेब!”