समासातली ओळ

मला राग आला की माझी भाषा एकदम सभ्य होते. बायको म्हणते, तू 'प्लीज' म्हणालास की मी काचेची भांडी उचलून ठेवते. सिडनीच्या दुसऱ्या मोठ्या लॉकडाउनमध्ये तर मी इतका सभ्य झालो होतो की शेजारीपाजारी मला देवमाणूस समजू लागले.

मी वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतो. त्या हिवाळ्यात आमच्याकडे नाकातले स्वॅब ट्रे भरभरून यायचे. आमचा भाग पश्चिमेकडचा, म्हणून आमच्यावर नियम कडक. पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर. त्याच आठवड्यात बातम्यांत समुद्राकाठचे लोक टॉवेल टाकून उन्हात पडलेले दाखवायचे. त्यांनीही टेस्ट केल्या असतील, त्यातल्या काही माझ्याच हातून गेल्या असतील, आणि प्रत्येक नळीला मी तेवढ्याच इमानाने हात लावला. पण शिफ्ट संपवून बाहेर आलो की ओळखपत्र दाखवा. मी दाखवायचो आणि वर 'थँक यू ऑफिसर' म्हणायचो. घरी आल्यावर बायको बशा उचलायची.

अशा मनःस्थितीत शहाणा माणूस कणकेची बिस्किटं करतो. मी पीएचडीचा अर्ज करायला बसलो. विषय, मध्ययुगीन मराठी कविता.

याला जुनं कारण आहे. मी बी.एस्सी. झाल्यावर एम.ए. मराठी केलं होतं. घरात त्याला अजून 'ती दोन वर्षं' म्हणतात, जसं काही मी तुरुंगात होतो. मग पोटाचं बघ म्हणून सगळ्यांनी मिळून मला अ‍ॅडलेडला, मॉसन लेक्सला लॅबच्या कोर्सला पाठवलं. पुढे इथे कायम राहायचा पीआर, लग्न, वेस्टमीड. पण एम.ए.ला असताना डोक्यात एक कुसळ घुसलं होतं ते निघालं नव्हतं. सहा-सातशे वर्षांपूर्वी गावकुसाबाहेरच्या माणसांनी अभंग रचले. त्यातल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. ते उतरवून घेतले दुसऱ्यांनी, गावाच्या आतल्यांनी, आणि पुढे पिढ्यान् पिढ्या नकला केल्या. आता त्या अभंगांत मधेच अशा ओळी येतात की कवी स्वतःच्याच जन्माला दोष देतो, माझीच मागची पापं म्हणून मी असा जन्मलो म्हणतो. मला प्रश्न पडला होता की हे तो स्वतः म्हणाला, की नक्कल करणाऱ्याने त्याच्या तोंडात घातलं? बस, एवढाच विषय.

आम्हीही गावकुसाबाहेरचेच. आजोबांच्या वेळी घर बौद्ध झालं, देव सुटले. त्यामुळे वडिलांना हा विषय मुळीच पटला नाही. फोनवर म्हणाले, "ज्या दारात आपल्याला कुणी उभं केलं नाही, त्या दाराच्या पायरीवर बसून तू आता ऑस्ट्रेलियात अभ्यास करणार?" मी म्हणालो, बाबा, पायरीचा नाही, पायरीवर कुणी काय खोडलं त्याचा. ते म्हणाले, मास्क घालत जा.

युनिव्हर्सिटीत मराठी येणारं कुणी नव्हतं. पण जुन्या इंग्रजी हस्तलिखितांवर काम करणाऱ्या एका बाईंनी माझ्या मेलला उत्तर दिलं. मला तुमची भाषा येत नाही, म्हणाल्या, पण नक्कल करणारे लोक मी ओळखून आहे, ते सगळीकडे सारखेच. अर्ज करा. तुमची भाषा वाचणारं दुसरं कुणीतरी जोडीला शोधू. दोन शिफारसपत्रं लागतील. शुक्रवारी पाचला पोर्टल बंद होईल.

एक पत्र मॉसन लेक्सच्या जुन्या शिक्षकांनी लगेच टाकलं. दुसरं अर्थातच सरांचं. मराठवाड्यातल्या कॉलेजात त्यांनी मला एम.ए.ला शिकवलं होतं. भरदार आवाज, पांढराशुभ्र शर्ट, आणि मध्ययुगावर तासभर बोलताना हातात एक चिटोरं नाही. मी त्यांचा भक्त होतो. ते नुकतेच करोनातून उठले होते. फोन केला तर दमल्या आवाजात, पण प्रेमाने म्हणाले, "तूच लिही रे बाबा. मी सही करतो."

आपल्याकडे ही रीतच आहे. शिफारस हवी असेल तर ज्याला हवी त्याने ती लिहायची, आणि ज्याने करायची त्याने सही करायची. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही. मी रविवारी झूमवर बुद्धवंदना झाली की लॅपटॉप तसाच पुढे ओढून स्वतःची शिफारस लिहायला बसलो.

माणसाने स्वतःची स्तुती करायला बसू नये. पहिल्या वाक्याला घाम फुटतो, तिसऱ्या वाक्याला चव लागते. दुपारपर्यंत मी माझ्या बुद्धीची तुलना समईशी केली होती. असा विद्यार्थी शिक्षकाच्या आयुष्यात एकदाच येतो, असं मी सरांच्या वतीने गहिवरून लिहिलं. आणि हे फार होतंय असं वाटलं म्हणून मी अत्यंत नम्र आहे असंही लिहिलं. तीन ठिकाणी. बायकोने वाचलं आणि विचारलं, "हा कोण आहे? याच्याशी का नाही लागलं माझं लग्न?"

बुधवारी सरांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर सही केलेल्या पत्राचा फोटो आला. सोबत युनिव्हर्सिटीने त्यांना पाठवलेली लिंक, आणि निरोप, हे पोर्टलचं मला जमत नाही, तूच टाक. मी लॅबच्या कार पार्कमध्ये गाडीत बसून फोटो मोठा केला. माझा मजकूर जसाच्या तसा होता. समई होती. तिन्ही नम्र होते. आणि डाव्या समासात, पेनाने, सरांच्या सुंदर अक्षरात एक ओळ वाढवलेली होती. पत्र इंग्रजीत, ओळही इंग्रजीत. तिचा अर्थ असा, की पार्श्वभूमी पाहता या विद्यार्थ्याची मराठी थक्क व्हावं इतकी शुद्ध आहे.

मी ती दोनदा वाचली. दोन वर्षं मी या माणसाच्या पहिल्या बाकावर बसलो होतो. माझी मराठी माझ्या आईची आहे. तिच्या आईची आहे. ती शुद्ध असायला थक्क कशाला व्हायचं? आणि 'पार्श्वभूमी पाहता' म्हणजे काय पाहता? वीस वर्षांपूर्वी पहिल्या बाकाकडे बघताना हा माणूस नेमकं काय पाहत होता?

मी फोन लावला. तिकडे सकाळचे साडेदहा. वाक्यं तयार होती, धारदार होती.

"सर, पत्र मिळालं."

"छान लिहिलंयस. मी हात नाही लावला कशाला. एक ओळ घातली फक्त, माझ्या मनाची."

"त्या ओळीबद्दलच जरा…"

"मनापासून लिहिलीय रे. तुमच्यातला मुलगा आणि इतकं स्वच्छ बोलणं. मी आमच्या घरी अजून उदाहरण देतो तुझं." मग त्यांना खोकला आला. तो थांबेना. मागून काकूंचा आवाज, पाणी, पेला. मी फोन कानाला धरून समोरच्या खांबाकडे बघत बसलो. खोकला थांबला आणि मी, हा असा पेटलेला माणूस, म्हणालो, "सर, वाफ घेता ना दोन वेळा?"

घेतो म्हणाले. मी ऑक्सिजन किती ते विचारलं, अजून दोन घरगुती उपाय सांगितले आणि फोन ठेवला.

घरी बायको वाटच बघत होती. काय म्हणाले? मी म्हणालो, ऑक्सिजन चौऱ्याण्णव आहे. तिने कपाळाला हात लावला. ती नागपूरची, तिला माझ्यासारखा सभ्य राग येत नाही. तिने सरळ माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, समासातच आहे ना? मग क्रॉप कर आणि टाक. कुणाला कळतंय?

मी क्रॉप करायलाही बसलो. खोटं कशाला बोलू. फोटोची डावी कड बोटाने आत आत ओढली. ओळ गेली. पत्र काय झकास दिसायला लागलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की या पत्रात सरांचं स्वतःचं असं जे काही होतं, ते मी आत्ता कापलं. बाकी सगळं माझंच होतं. त्यांनी माझ्याबद्दल मनापासून लिहिलेलं एकच वाक्य, आणि ते हे. शिवाय चार आठवडे मी कुणी कुणाच्या ओळी घातल्या नि कुणी कापल्या यावर प्रस्ताव लिहीत होतो, आणि आता माझ्याच बोटाखाली कात्री होती. मला सरांचा राग आलाच, पण त्याहून जास्त त्या समईचा आला.

पत्र टाकायचं नाही असं ठरलं. म्हणजे दोन दिवसांत दुसरा शिफारसवाला हवा, नाहीतर अर्ज बाद.

गुरुवारी मी आमच्या लॅबच्या बॉसकडे गेलो. साठीतली पर्थची बाई, तीस वर्षं नमुन्यांत काढलेली. तुम्हाला वाटेल आता तरी मी शहाणा झालो असेन. मी तिच्यासाठीही मसुदा लिहून नेला होता. तिला त्रास नको म्हणून. तिने चष्मा वर करून कागद वाचला, आणि झाकण उघडं राहिलेली नळी धरतात तसा तो दोन बोटांत धरला.

"हे तू लिहिलंस? स्वतःबद्दल?"

आमच्याकडे अशी पद्धत आहे, मी म्हणालो.

"यात तू नम्र आहेस असं लिहिलंय. गेल्या महिन्यात सेंट्रिफ्यूज मशीनवरून मॅनेजरला 'प्लीज, प्लीज' म्हणत झापत होता तो कोण मग?" तिने कागद माझ्या हातात परत दिला. "मेट, हे मी वाचलंच नाही. मला लिंक पाठवायला सांग त्यांना. मला वाटेल ते मी लिहीन, मीच टाकीन, आणि तुला दाखवणार नाही."

तेव्हा मला कळलं की सरांच्या लिंकवरून मी जे करणार होतो त्याला इथे सरळ फसवणूक म्हणतात. नियमांत लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. मध्ययुगातली हस्तलिखितं वाचायला निघालेला माणूस, सूचनांचं एक पान वाचत नाही.

तिने शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत पत्र टाकलं. त्यात काय होतं ते मुलाखतीत कळलं. त्या हस्तलिखितवाल्या बाई स्क्रीनवर होत्या. मी 'रिस्पेक्टेड मॅडम' अशी सुरुवात केली तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं, कुणी आलं का म्हणून. मग म्हणाल्या, तुमच्या बॉसचं पत्र चार ओळींचं आहे. सोमवारी उशिरा येतो, वाद घालतो, पण याच्या हातून दोन माणसांचे नमुने कधी एकदाही बदललेले नाहीत. हे कसं जमतं?

मी पाठ केलेलं भाषण विसरलो. खरं तेच सांगितलं. नळीवरचं लेबल माणसासमोर लावायचं असतं. नाव त्याच्या तोंडून ऐकून, तिथल्या तिथे. बिनलेबलाची नळी आली तर आम्ही अंदाजाने नाव चिकटवत नाही, परत पाठवतो. माझ्या अभंगांची अडचण एवढीच आहे, की लेबलं सगळी नंतर लावलेली आहेत, आणि ती लावणारे त्या माणसांना कधी शिवलेही नव्हते.

बाई काही लिहून घेत होत्या. बराच वेळ लिहीत होत्या. ख्रिसमसच्या आधी जागा मिळाल्याचा मेल आला. अर्धवेळ.

इथे थांबलो असतो तर बरं होतं. पण मीच हुशारी करून कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर बातमी टाकली. फुलं, टाळ्या, फुगे. अर्ध्या तासाने सरांचा निरोप आला, 'माझ्या शिफारशीचं चीज झालं.' खाली तोच फोटो. अख्खं पत्र, समासासकट. मी ते वापरलंच नव्हतं हे त्यांना माहीत नव्हतं, कारण मी सांगितलंच नव्हतं. वाफेच्या त्या फोननंतर मी फोनच केला नव्हता.

आणि लोकांना आवडली ती नेमकी तीच ओळ. एकीने लिहिलं, सरांचं मन किती मोठं. एकाने ती ओळ मराठीत करून पुन्हा टाकली आणि पुढे हात जोडले. मी किचनमध्ये उभा होतो. बायकोने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "या वेळी वाफेचं काही सांगू नकोस."

ती ओळ सरांच्या नावावर लावायची तर बाकीचं पत्र कुणाचं हे सांगावं लागणार होतं. दुसरा रस्ता नव्हता. समईसकट. मी लिहिलं: 'सर, या पत्रातला छापील मजकूर सगळा मी लिहिलेला आहे. समासातली ओळ तेवढी तुमची. ती माझ्याबद्दल नाही, तुमच्याबद्दल आहे. तुमच्याच नावावर राहू द्या. हे पत्र मी अर्जाला जोडलं नाही.' प्लीज नाही, कृपया नाही. पाठवून टाकलं.

सरांच्या नावापुढे टायपिंग दिसलं, गेलं, परत दिसलं, गेलं. कुणीतरी लिहिलं की आजारी माणसाशी असं बोलतात का. मग माझ्याच बाकावर बसणाऱ्या एका जुन्या मित्राचा निरोप आला, 'म्हणजे ते अत्यंत नम्रसुद्धा तूच? तीनदा?'

हो, मी लिहिलं. तेही माझंच.