शुक्रवारची मिस्सा आणि माझ्या मिशा

माझे वडील चोपन्न साली वारले नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण अंथुर्ण्यात काही लोकांना ते अजूनही नीटसं पटलेलं नाही.

मी त्या साली नुकताच बी. ए. झालो होतो. आमच्या घराण्यातला पहिला! वडील नगरकडं मिशनच्या गावात गवंडी. त्यांनी इतरांच्या शाळा बांधल्या आणि मी त्यांतल्या एका शाळेत शिकून पुढं पुण्याला गेलो. पदवीचा कागद हातात पडल्यावर इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्याला हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर म्हणून रुजू झालो. माझं नाव पास्कल. गावानं पहिल्याच दिवशी त्याचं ‘भास्कर’ करून टाकलं. मी दोनदा दुरुस्ती केली, मग नाद सोडला.

माझे जेवणाचे हाल होऊ नयेत म्हणून आई सोबत आली होती. गाव चांगलं. पण आम्ही कॅथलिक, आणि सगळ्या पंचक्रोशीत आमच्या जातकुळीचं असं दुसरं घर नाही. वरकुट्यात नाही, निमगावात नाही, बारामतीच्या वाटेवर कुठंच नाही. जवळात जवळची मिस्सा (म्हणजे आमची पवित्र उपासना. हा शब्द लक्षात ठेवा, त्यानंच सगळा घोळ केला!) व्हायची ती दौंडला, रेल्वेतल्या लोकांसाठी. तिकडं जायचं म्हणजे एस. टी. नं बारामती आणि पुढं गाडी. ती पोचेपर्यंत फादर जेवून झोपलेले असायचे.

मग रविवारी सकाळी भिंतीवरच्या क्रुसापुढं आम्ही दोघंच गुडघे टेकायचो. मी पुस्तकातून प्रार्थना वाचायचो. वाचन माझं उत्तम! आवाज खणखणीत. पण संपल्यावर आई उठून पदर झटकायची आणि म्हणायची,

“वाचतोस ग्वाड रं. पण मागं कुनी खोकत न्हाय.”

“खोकायचं काय त्यात?”

“मागं कुनी खोकलं न्हाय, पोर रडलं न्हाय, शेजारनीचा धक्का लागला न्हाय, तर ती कसली मिस्सा?”

मी तेव्हा हसलो. पण तिचं खरं होतं. आमच्या गावी बांधावरून भांडणारे भाऊ रविवारी एकाच सतरंजीवर गुडघे टेकायचे. घंटी वाजली की तान्ही पोरंसुद्धा गप्प. आणि ती लॅटिन भाषा! कुणालाच कळायची नाही, म्हणून कुणी कुणापेक्षा शहाणा नसायचा. वकील आणि गवंडी, दोघंही सारखेच अडाणी! पुण्याला कॉलेजात नवा असताना मी एका अनोळखी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो होतो. ओळखीचं कुणी नव्हतं. फादरांनी तेच आमच्या गावचे शब्द उच्चारले आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. अंथुर्ण्यात तेवढंही नव्हतं.

शेवटी आईनं गाठोडं बांधून कोपऱ्यात ठेवलं.

“मी जाते नगरला. हितं देव बी परका वाटतो.”

“आणि मी?”

“तू शिकलेला हायस. तुला काय, पुस्तक पुरतं.”

मला पुस्तक पुरत नव्हतं. शाळा सुटली की त्या खोलीत एकट्यानं कंदील लावायचा, हे मला नको होतं. म्हणून मी दौंडच्या फादरांना गळ घातली, की एकदा तरी आमच्या घरी येऊन मिस्सा करा. आणि एका बुधवारी एस. टी. चा कंडक्टर खिडकीतून ओरडला, “मास्तर! तुमच्या फादरचा निरोप! शुक्रवारी सकाळी!”

मी पळत घरी येऊन आईला सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली आणि आनंदानं हुंदके देऊन रडायला लागली. नेमकं ते शेजारच्या हौसाक्कानं पाहिलं.

“काय झालं वो मास्तर? आई का रडतीया?”

“फादरचा निरोप आला. शुक्रवारी मिस्सा!” मी ऐटीत म्हणालो.

आता ह्यात माझी चूक एवढीच, की हौसाक्काचा मुलगा माझ्याच वर्गात होता आणि मागल्याच आठवड्यात मी त्याच्याकडून ‘फादर म्हणजे बाप’ हे घोकून घेतलं होतं. पोरगं घरभर तेच म्हणत फिरत होतं. आणि मिस्सा हा शब्द त्या माउलीनं जन्मात ऐकलेला नव्हता. तिनं ऐकलं ते असं: बापाचा निरोप आला, शुक्रवारी मिशा! बाप गेला की लेकानं मिशा उतरवायच्या, हे तिकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

तिचा चेहरा पडला. मला वाटलं, श्रद्धेनं.

“घरातच करनार? वढ्यावर न्हाय?”

“ओढ्यावर कशाला? आमच्यात घरात चालतं.”

“मानसं लागत्यात का तुमच्यात?”

“लागतात तर! जेवढी येतील तेवढी बरी. पण आमचं इथं कोण आहे, हौसाक्का? कोण येणार?”

“असं म्हनू नका मास्तर,” तिनं डोळ्याला पदर लावला. “आमी काय मेलोय व्हय?”

मी भारावून गेलो. काय हे लोक! काय ही सर्वधर्मसमभावाची भावना! (हे वाक्य मी तेव्हा मनातल्या मनात इंग्रजीतसुद्धा म्हणून पाहिलं.)

त्या काळी मिस्सेत प्रसाद घ्यायचा तर आदल्या मध्यरात्रीपासून अन्न वर्ज्य असायचं. पाणी प्यायची परवानगी नुकतीच आली होती, पण आईचा त्या परवानगीवर विश्वास नव्हता. त्यामुळं शुक्रवारी सकाळी आमची चूल थंड. सगळ्या आळीत धूर, आमच्या घरावर नाही. गावानं ते पाहिलं आणि उरलासुरला संशय फिटला.

दिवस उजाडतो न उजाडतो तोच गणपत न्हावी धोकटी घेऊन दारात.

“तात्यांनी धाडलंय. बसा.”

तात्या म्हणजे गावातलं सर्वांत वडीलधारं माणूस आणि आमचे घरमालक. मला वाटलं, मिस्सेसाठी मास्तर गुळगुळीत दिसावा म्हणून म्हाताऱ्यानं केवढी काळजी घेतली!

“पैसे किती?”

“छ्या! अशा टायमाला पैसं घेत्यात व्हय?”

माझ्या गालांना पाणी लागलं. मी डोळे मिटले. गणपतच्या गालात तंबाखूचा बार भरलेला होता, त्यामुळं त्याचं बोलणं चिखलातून चालल्यासारखं यायचं.

“मिश्शा पुरी न्हवं, माश्तर?”

“पुरीच!” मी मिटल्या डोळ्यांनी ठणकावलं. “अर्धी आमच्यात चालत नाही. अर्धी म्हणजे पाप!”

“बराबर हाय,” गणपत म्हणाला. आणि कर्रकन वस्तरा फिरला.

माझी मिशी! परीक्षेत मला वरचा वर्ग मिळाला नव्हता, पण मिशी पहिल्या वर्गाची होती. तीन वर्षं पुण्यात जोपासलेली, बारीक, टोकदार. आरसा पाहिला तर नाकाखाली नुसतं सोललेलं वांगं!

“गणपत, मिशी कुठाय?”

“तुमीच म्हनला की पुरी.”

भांडायला वेळच मिळाला नाही. बारामतीच्या वाटेवर फादरांची फटफटी वाजायला लागली होती.

फादर गोरे, जर्मनीकडचे, दाढीवाले, अंगात पांढरा झगा. ते ओसरीवर आले तेव्हा त्यांच्या पाठोपाठ माणसंही यायला लागली. मान खाली घातलेली, गप्प गप्प माणसं. पुरुष अंगणात उकिडवे बसले, बायका तोंडाला पदर लावून आत आल्या. हां हां म्हणता खोली भरली, ओसरी भरली, अंगण भरलं! माझ्या वरच्या ओठाकडं पाहून एकेकजण मान हलवायचा आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायचा.

“हे सगळे कोण?” फादरांनी हळूच विचारलं.

“शेजारी, फादर,” मी छाती फुगवून म्हणालो. “मी बोलावलं होतं.”

टेबलावर पांढरी चादर, मेणबत्त्या, क्रूस. मिस्सा सुरू झाली. फादर लॅटिन म्हणू लागले, मी उत्तरं देऊ लागलो. मागून तात्यांचा आवाज आला, “भटजी गोरा हाय, पन मंतर कसं स्वच्छ हायेत!” आईनं गुडघे टेकले की सगळी खोली गुडघे टेकायची. आई उठली की सगळी उठायची. मी घंटी वाजवली आणि अंगणापर्यंत चिडीचूप झालं. मग कुणीतरी खोकलं. मग दुसरं कुणीतरी. एक पोर रडलं, आणि हौसाक्काचा कोपर आईला लागला.

आईनं मागं वळून पाहिलं. तिचा तसला चेहरा मी पदवीच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता.

मग फादर प्रवचनाला उभे राहिले. त्यांचं मराठी चांगलं होतं, जरा पुस्तकी. त्यांनी सगळ्यांवरून प्रेमळ नजर फिरवली आणि सुरुवात केली:

“प्रियजनहो! आपला बाप स्वर्गात आहे.”

हौसाक्कानं हंबरडा फोडला! पाठोपाठ सगळ्या बायका! अंगणातले पुरुष डोळ्याला उपरणं लावू लागले. फादर क्षणभर दचकले. इतकी वर्षं ते हेच वाक्य बोलत आले होते आणि लोक जांभया देत आले होते. त्यांना स्फुरण चढलं.

“तो तिथून आपल्याकडे पाहत आहे!”

“अगं आई गं!” बायका.

“त्याला आपल्या लेकरांची काळजी आहे!”

“काळजीनंच गेला बिचारा!” तात्या.

हे शेवटचं वाक्य मला जरा वेगळं वाटलं. पण फादरांच्या डोळ्यांतूनच धारा लागल्या होत्या. मीही रडलो. न कळता रडण्यात आमचं शिक्षण आडवं येत नाही.

मिस्सा संपली. हौसाक्का पुढं झाली, तिनं आईचा हात धरला आणि हळूहळू बांगड्या उतरवायला लागली.

“अगं बाई! बांगड्या कशापायी? परवाच भरल्यात!”

“ऱ्हाऊ द्या आता, मार्थाबाई. मालक गेलं, आता कुनासाठी घालायच्या?”

“कुठं गेलं?”

हौसाक्कानं बोट वर केलं.

आईनं वर आढ्याकडं पाहिलं. “त्ये हितं कशाला वर चढतील? त्येंचं काम नगरला चाललंय!”

हौसाक्कानं काढलेली बांगडी पटकन परत आईच्या मनगटात सरकवली.

“मास्तर,” तात्या उठून उभे राहिले. “वडील जिते हायेत?”

“हो.”

“धडधाकट?”

“हो.”

“मग मिशा का काढल्या?”

मी सगळं समजावून सांगितलं. फादर म्हणजे हे फादर. मिस्सा म्हणजे आमची उपासना. तात्यांनी ऐकून घेतलं आणि काठी आपटली.

“मग सरळ मराठीत सांगायचं की! बी. ए. झालाय न्हवं?”

ते रागावणार असं वाटलं. पण दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून बायकांनी टोपल्याच्या टोपल्या पिठलं-भाकरी आणली होती, आणि आम्ही रात्रीपासून उपाशी होतो. तात्या टोपलीकडं पाहून म्हणाले, “म्हातारा जिता हाय, तर मग पोटभर खावा!” सगळे हसले, सगळे तिथंच बसले. फादरांनी भाकरीवर पिठलं घेऊन विचारलं, “तुमच्या गावात लोक नेहमी इतके भाविक असतात?” तात्या म्हणाले, “परसंगानुसार.”

संध्याकाळी मी मोठ्या खुशीत आईजवळ बसलो.

“झाली ना मनासारखी मिस्सा? आता राहशील ना?”

“लई ग्वाड झाली रं. जल्मात अशी बघितली न्हवती.” ती उठली आणि कोपऱ्यातलं गाठोडं जवळ ओढलं. “म्हनूनच जाते सकाळच्या गाडीनं.”

“आता काय झालं?”

“आपल्या नवऱ्यासाठी सारं गाव रडताना ऐकलं मी. आता त्येला जिता डोळ्यानं बघितल्याबिगर मला घास गोड लागनार न्हाय.”

गेली! मी तिला थांबवायला जी मिस्सा घडवून आणली, तिनंच तिला गाडीत बसवलं. मी स्टँडवरून परत आलो, कुलूप काढलं, आणि कंदील लावला.

काही महिन्यांनी फादरांचा पुन्हा निरोप आला. ह्या खेपेला मी शहाणा झालो होतो. घरोघर जाऊन स्वच्छ मराठीत सांगितलं: “आमच्या घरी ख्रिस्ती उपासना आहे. कोणीही वारलेलं नाही. सर्वांनी अगत्य यावे.”

कोणीही आलं नाही. फादर आणि मी. ते लॅटिनमध्ये ‘प्रभू तुमच्याबरोबर असो’ असं अनेकवचनी म्हणायचे, आणि मी एकटाच अनेकांच्या वतीनं उत्तर द्यायचो.

दुसऱ्या दिवशी पारावर तात्या भेटले. मी रुसूनच विचारलं, “तात्या, काल आला नाहीत?”

“कुनी वारलं न्हाय म्हनला की तुमी.”

“नाही, पण—”

“आजारी हाय कुनी?”

“नाही.”

“मग सुखात हायसा, मास्तर! सुखातल्या मानसाला मानसं कशाला लागत्यात?”

तत्त्वज्ञान हा माझा बी. ए. चा खास विषय होता. खूप विचार केल्यावर मी एवढंच म्हणालो, “जरा अंग कसकसतंय, तात्या.”

दिवेलागणीला अर्धं गाव माझ्या ओसरीवर होतं. प्रत्येकाच्या हातात वेगळा काढा! कुणी गुळवेलीचा, कुणी अडुळशाचा, कुणी कसला ते सांगायलाही तयार नव्हतं. अंगात ताप नावालाही नसताना हा बी. ए. झालेला तत्त्वज्ञ भिंतीला टेकून बसला, आणि कडू तोंड करून, पण कुणी इतक्यात उठून जाऊ नये म्हणून घोट घोट पुरवत, सगळे काढे प्याला.