सासूबाईंचं तोंडात टाकणं

रात्री उठून खाणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण आमच्या सासूबाईंइतक्या स्वच्छ मनाने रात्री खाणारं माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरं सापडायचं नाही. बाकीचे चोरून खातात. सासूबाई चोरून खात नसत, कारण आपण खातो हेच त्यांना मान्य नव्हतं. पाट मांडला, ताट घेतलं, कुणी वाढलं, तर ते जेवण. त्याखेरीज जे काही घशाखाली उतरतं ते नुसतं 'तोंडात टाकणं'. मूठभर फुटाणे, त्यावर गुळाचा खडा, डब्यातला चिवडा, उरलेल्या भाताला तेल-तिखट लावून केलेला गोळा, लाखोळीच्या डाळीचे वडे असले तर तेही, आणि हे सगळं जरा कोरडं झालं म्हणून शेवटी वाटीभर दूध. एवढं सगळं उभ्या उभ्या झालं तरी सकाळी त्या शांतपणे सांगायच्या, "राती काही नाही खाल्लं. तोंडात टाकलं थोडंसं."

माझं माहेर मोहाडीचं. लग्न होऊन पवनीजवळच्या या गावात आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं की या घरात उंदीर फार आहेत. तसं मी बोलूनही दाखवलं. सासूबाईंनी लगेच माळ्यावरून पिंजरा काढायला लावला आणि माझ्यासमोर त्यात वड्याचा तुकडा अडकवला. सकाळी पाहिलं तर पिंजरा उघडा आणि वडा नाही. "हुशार आहे उंदीर," त्या कौतुकाने म्हणाल्या. सासरे मिशीतल्या मिशीत हसले. ते काहून हसले हे मला पुढे पुष्कळ दिवसांनी कळलं.

दिवसा मात्र या बाईसारखी वाढणारी बाई नव्हती. आमच्या दारातून कुणी तोंड न हलवता गेलेलं मला आठवत नाही. विजेचं मीटर पाहायला येणारा माणूस आमच्याकडे पोचायची वेळ जेवणाच्या हिशेबाने धरायचा. धानाची रोवणी करणाऱ्या बायकांना त्या बांधावर भाजी वाढायच्या ती अशी, की एकदा एका बाईने ताट पाठीमागे लपवलं, तर त्यांनी मागून जाऊन वाढलं. नको म्हणणाऱ्यावर त्या रागवत नसत. त्यांना त्याची कीव यायची.

असं सगळं बरं चाललेलं असताना त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सुरुवातीला त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. चहात मीठ पडलं तर साखरेला दोष दिला. मग एके दिवशी अंगणात दोरीवर वाळत घातलेल्या घोंगडीला त्या म्हणाल्या, "उभा काहून आहेस बाबू, बस ना. चहा ठेवते." घोंगडी बसली नाही म्हणून त्यांना जरा वाईटही वाटलं. त्या संध्याकाळी विहिरीजवळच्या पायरीवरून त्या पडता पडता वाचल्या आणि माझ्या नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी त्यांना भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले, रक्त तपासलं आणि सांगितलं की साखर फार वाढलेली आहे, ती आटोक्यात आल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही, आणि फार दिवस थांबणंही बरं नाही. परत येताना गाडीत सासूबाई खिडकीला डोळे लावून बसल्या होत्या. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाल्या, "आपला तलाव गेला का रे मागं? मले दिसला नाही."

त्या दिवसापासून घराने कंबर कसली. पहिला उपाय नवऱ्याने केला. खाण्याचे सगळे डबे कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली सासऱ्यांना दिली; ती त्यांनी करगोट्याला बांधली. सासऱ्यांचा दावा होता की आपली झोप मांजरीसारखी सावध आहे. सकाळी किल्ली करगोट्यालाच होती, पण सासरे तिच्याकडे बराच वेळ पाहत बसले. "गाठ तं मी साधी मारली होती," ते म्हणाले, "ही सुरगाठ आहे." मग त्यांनी स्वतःहून स्वयंपाकघराच्या दारात खाट टाकून पहारा करायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं की रातभर कोणी फिरकलं नाही. त्यांच्या मिशीत चिवड्यातला शेंगदाणा होता.

तिसरा उपाय माझा. फुटाण्यांच्या डब्यात मी मेथीदाणे भरून ठेवले. सकाळी डबा अर्धा रिकामा. सासूबाई ओसरीवर कडू तोंड करून बसल्या होत्या, पण चकार शब्द बोलल्या नाहीत, कारण तक्रार करायची म्हणजे खाल्लं असं कबूल करणं आलं. संध्याकाळी मात्र पदराने हात पुसत पुसत त्या सहज म्हणाल्या, "बाई, आजकालच्या वस्तूंत काही चव नाही राह्यली." मी हो म्हटलं. दोघींनीही एकमेकींकडे पाहिलं नाही.

एवढं सगळं करून भंडाऱ्याला गेलो, तर साखर होती तिथेच. आता सासूबाई खरंच घाबरल्या होत्या. दवाखान्याच्या बाकावर माझा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण चिडल्या नाहीत. त्यांनी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, "आजी, संध्याकाळी काय जेवता?"

"सगळेच जेवतात जी. भात, वरण, भाजी."

"सगळे नाही. तुम्ही."

माझा नवरा म्हणाला, "आई आमच्यासोबतच जेवते," आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही आठवू लागले. पंगतीच्या मागे वाकलेली त्यांची पाठ आठवत होती, हातातला डाव आठवत होता, 'भात घे ना अजून' आठवत होतं. ताट पुढे घेऊन बसलेल्या सासूबाई काही केल्या आठवेनात.

"मले तवा भूकच नाही लागत," त्या शेवटी म्हणाल्या. "आमचं घर मोठं होतं बाई. धान कापायच्या दिवसांत तं पंगतीवर पंगत. आम्ही सुना बसाले जाओ तवा भाताच्या गंजात गार झालेलं खरडायलेच राहे. मंग भुकेले सवय झाली. ते उशिरानंच येते."

डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं, भात वाटीनेच घ्यायला सांगितला, आणि निघताना नवऱ्याला म्हणाल्या, "त्यांना सगळ्यांच्या आधी जेवू घाला. पोटभर भाजी-वरण मिळालं तर रात्री उठायचं काम कमी होईल."

ऐकायला हे सोपं वाटलं. प्रत्यक्षात आमच्या सासूबाईंना पाटावर बसवणं हे बैलाला पाळण्यात बसवण्यासारखं होतं. पहिल्या दिवशी त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून अशा बसल्या की जणू दात काढायचा आहे. एक घास घेतला की उठत. लोणचं राहिलं, पाणी राहिलं, गाय हंबरली. शेवटी नवरा त्यांच्या पदरावरच जाऊन बसला. मी वाढते म्हटलं तर त्यांना ते बरं वाटेना, "तू कवा जेवशीन मंग?" म्हणून त्या माझ्याच ताटाची तयारी करायला निघाल्या. तेव्हा सासरे उठले आणि म्हणाले, "मी वाढतो."

सासऱ्यांना आपल्या घरात मीठ कुठे असतं हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांनी भाताच्या कडेने वरण असं ओतलं, मग भात असा थापला, की सासूबाईंना दिसत नव्हतं तरी त्या बोटांनी चाचपून म्हणाल्या, "अजी, वाढून राहिले का बांध घालून राहिले?" सासरे म्हणाले, "पाणी अडलं पाहिजे ना." दोघं हसले. एवढी वर्षं मी या घरात होते, पण त्या दोघांना एकमेकांसमोर बसून हसताना पाहिल्याचं आठवत नाही. त्या दिवशी सासूबाईंनी ताट पुरं केलं.

रात्रीचं खाणं काही एका दिवसात सुटलं नाही. डब्यांची झाकणं मधूनमधून वाजायची. पण हळूहळू त्या नुसत्या पाणी पिऊन परत यायला लागल्या, आणि मग उठेनाशा झाल्या. साखर उतरली. ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाल्यावर घरी येऊन त्यांनी आधी छताची कोळिष्टकं पाहिली, मग माझ्या पोळ्या पाहिल्या, आणि सगळ्यात शेवटी सासऱ्यांकडे निरखून पाहत विचारलं, "तुम्ही कवा म्हातारे झाले?" सासरे दोन दिवस आरशासमोर मिशी विंचरत होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बपेऱ्याला नात्यातलं लग्न निघालं. तिथे सासूबाईंच्या मोठ्या जाऊबाई होत्या, ज्यांना आम्ही मोठ्या आई म्हणतो. आता त्या आपल्या लेकाकडे तिकडेच राहतात. कमरेत पार वाकल्या आहेत, पण मांडवात डाव हातात धरून वाढणाऱ्या पोरींना हाका मारत होत्या. पहिली पंगत पुरुषांची आणि वऱ्हाडाची. सासूबाई सरळ जाऊन त्या पंगतीत बसल्या. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

"डॉक्टरनं सांगितलं आहे," सासूबाई कोणी न विचारता म्हणाल्या.

मोठ्या आई काठी टेकत त्यांच्यापाशी आल्या. "राती खाणं सुटलं म्हणे तुझं?"

"सुटलं."

"मीच लावलं होतं ते," मोठ्या आई म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळल्या. "नवी होती ना हे. उपाशी झोपे अन् मुसमुसत राहे. मंग मी पदरात फुटाणे बांधून ठेवो. सारे झोपले का दोघी चुलीपाशी बसून खाओ."

"तूच जास्त खाये," सासूबाई म्हणाल्या.

"मले बी भूक राहे ना."

सासूबाईंनी शेजारच्या बसकरपट्टीवर हात थोपटला. "बस."

"मी कायले बसू? मले नाही शुगर. सगळ्याईचं झालं का बसीन."

"बस ना व."

मोठ्या आईंच्या हातातला डाव मी घेतला. त्या काठी धरून, कण्हत, हळूहळू खाली बसल्या आणि पदर सारखा केला. मी दोघींच्या पत्रावळीवर भात वाढला, वर वरण घातलं. मोठ्या आईंनी भाताला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"गरम आहे व," त्या म्हणाल्या. बराच वेळ त्या नुसत्याच त्या वाफेकडे पाहत राहिल्या.

"फुंकून खा," सासूबाई म्हणाल्या, आणि जावेचा भात त्यांनी बोटांनी हळूहळू मोकळा करून दिला.