खड्ड्यातला धोतरा
धोतऱ्याचं पान चुरगळलं की येणारा उग्र वास मला अजून त्या पालकाच्या वाफ्यावर नेऊन उभं करतो. पोटात विष नको म्हणून कळंबजवळच्या आमच्या वावरात मी फवारणी बंद केली होती. शेण, पालापाचोळा, निंदलेलं तण सगळं खड्ड्यात कुजवायचं आणि तेच खत भाजीला घालायचं. एकदा तणाबरोबर धोतराही टाकत होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "त्याले बोंडं आले, सुनबाई. खड्ड्यात नको टाकू, बी मरत नाही त्याचं." मी हसले. "सडून जाते सारं, आई." त्या खतावर पालक काळाभोर आला. चतुर्थीला मी घाईनं मुठीमुठीनं खुडला आणि न निवडताच शिजवला. मला उपास, जेवल्या त्या एकट्याच. दुपारी त्यांचं तोंड कोरडं पडलं, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या आणि बोटं गोधडीवर काहीतरी वेचू लागली. "काय करून राह्यल्या, आई?" "भाजी निवडून राह्यली. तणच लय आहे याच्यात." दवाखान्यात पोचेपर्यंत त्या गेल्या. परत आल्यावर वाफ्यात पालकाआड उगवलेलं एक कोवळं रोप मी चुरगळून पाहिलं. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणाले. आज पानन्‌पान निवडते, पण कोणी विचारलं तर अजूनही तेच म्हणते.