बाळहिरड्याच्या दिवसांत गेलेल्या दोघी

मुळशीच्या तलावाच्या वरच्या टोकाला, ताम्हिणीच्या अलीकडे, एकशिक्षकी शाळेत मी रुजू झाले तेव्हा बावीस वर्षांची होते. साठ सालच्या आसपासची गोष्ट. एकदा मुलांना पानं गोळा करायला काठाकाठानं नेलं, तर एका उताराशी सगळा वर्ग थांबला.

"तितं न्हाई जायाचं, बाई," एक मुलगी म्हणाली. "तितं पाण्यात दोन पोरी हायेत. वढून नेत्यात."

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, पण 'दोन' हा नेमका आकडा माझ्या डोक्यात बसला. शाळेला लागूनच पोस्टाची खोली होती. तिथले पोस्टमास्तर पन्नाशीचे, एकटे, आणि रहस्यकथांचे इतके वेडे की पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाला त्या आणायला सांगत. त्यांना विचारलं, तर त्यांनी हातातला शिक्का खाली ठेवला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

त्यांना ऐकून ठाऊक होतं ते एवढंच: तीसेक वर्षांपूर्वी, धरणाच्या वेळी, दोन चुलत बहिणी हिरडा वेचायला म्हणून गेल्या त्या परत आल्या नाहीत. थोरली पंधराची, धाकटी चौदाची. थोरलीचं लग्न एका बिजवराशी ठरलं होतं. नदीकाठी त्यांच्या हिरड्यानं भरलेल्या दोन पाट्या सापडल्या. तेव्हा सगळं खोरं उठत होतं, लोक घरांचे वासे काढून डोंगरावर चढवत होते. शोधायला कुणाला सवड नव्हती. पाण्यानं नेल्या म्हणाले आणि विषय संपला.

त्या दिवसापासून शाळा सुटली की आमची बैठक बसू लागली. मास्तर, मी, आणि शाळेचं पाणी भरणारी मावशी. ती वरच्या कातकरवाडीवरची. पहिले दोन दिवस ती नुसती दाराशी बसून ऐकायची. तिसऱ्या दिवशी मास्तर नदीच्या पुराबद्दल बोलत होते, तेव्हा तिनं मधेच विचारलं, "हिरडा कंचा हुता? बाळहिरडा का मोठा?"

त्यातला फरक आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हता. मग तिनं समजावून सांगितलं. मोठा हिरडा दिवाळीनंतर. बाळहिरडा, म्हणजे कोवळा, उन्हाळ्यात, पाऊस लागायच्या आधी.

थोरलीची आई जिवंत होती. डोंगराच्या पोटात एका खोपटात एकटी राहायची. दुसऱ्या दिवशी मावशीला घेऊन मी तिच्याकडे गेले. म्हातारीनं आम्हाला बसायला पोतं टाकलं. मी तोच प्रश्न विचारला.

"बाळहिरडा," ती लगेच म्हणाली. "चैत सरला हुता. लग्नाला पंधरा दीस हुतं."

आणि तलाव भरला कधी, असं विचारलं तर म्हणाली, त्याच्या पुढच्या पावसात. मला बसवेना. चैत्र सरल्यावर नदी म्हणजे ढोपरभर पाणी. त्यात दोन धट्ट्याकट्ट्या मुली बुडणार कशा? मागाहून ती जागा तलावात गेली आणि सगळ्यांच्या आठवणीत दोन गोष्टींची एक झाली. पण तिच्या पुढ्यात मी हे बोलले नाही. निघताना फक्त विचारलं, पाट्यांबरोबर आणखी काय सापडलं होतं? ती म्हणाली, काही नाही. डोईवरच्या चुंबळीसुद्धा मिळाल्या नाहीत.

मी उतार जवळजवळ पळतच उतरले. मास्तरांना सांगितलं तेव्हा ते उठून खोलीत फेऱ्या मारू लागले. पाट्या टाकल्या आणि चुंबळी नेल्या, म्हणजे डोक्यावर दुसरं ओझं आलं होतं, असं त्यांचं म्हणणं. उन्हाळ्यात या खोऱ्यातून ओझी कोण नेतं? याचं उत्तर आम्हाला तिघांनाही एकदमच सुचलं. कोकणातल्या सुकटवाल्या. त्या घाट चढून यायच्या, सुक्या मासळीच्या बदल्यात तांदूळ-नाचणी घ्यायच्या आणि जड पाट्या घेऊन उतरायच्या. ओझं वाहायला दोन मुली मिळाल्या तर त्या कशाला नको म्हणतील?

त्या वर्षी सुकटवाल्यांची मी जितकी वाट पाहिली तितकी पुण्याच्या एसटीचीही पाहिली नसेल. मार्चअखेर पहिल्या आल्या. प्रत्येकीला थांबवून विचारायचे. नवव्या की दहाव्या बाईनं सांगितलं, त्यांच्या शेजारच्या गावात एक 'घाटीण' आहे. लहानपणी कुण्या सुकटवालीबरोबर खाली आली आणि तिथलीच झाली. दुसरीचं मात्र तिला काही ठाऊक नव्हतं.

मेची सुट्टी लागली त्याच सकाळी मावशी आणि मी घाट उतरलो. मास्तरांना पोस्ट सोडता येईना. वाकडं तोंड करून त्यांनी काय काय विचारायचं याची यादी माझ्या हातात दिली. दुपार कलताना आम्ही त्या गावात पोचलो. अंगणात एक पन्नाशीकडे झुकलेली बाई भात पाखडत होती. यादी माझ्या हातातच राहिली. मावशीनं सरळ वरच्या गावाचं, पाण्याखाली गेलेल्या गावाचं, नाव घेतलं. बाईच्या हातातलं सूप थांबलं.

ती धाकटी होती. सूप बाजूला ठेवून ती बोलू लागली आणि बोलतच राहिली. थोरलीला ते लग्न नको होतं, आणि तिला एकटीला जाऊ द्यायला हिचं मन घेईना. सुकटवालीनं दोघींना लेकींसारखं ठेवलं. आधी माराच्या भीतीनं परत गेल्या नाहीत. मग गाव बुडालं, माणसं कुठं कुठं पांगली असं कानावर आलं. जायचं तरी कुणाकडे? थोरलीनं इथंच आपल्या पसंतीनं लग्न केलं. पहिल्या बाळंतपणात ती गेली. तिची मुलगी हिनं वाढवली.

"माजी आय हाय का?" तिनं शेवटी विचारलं. बोलता बोलता तिची बोली घाटावरची झाली होती.

तिची आई वारली होती. ते सांगणं माझ्या वाट्याला आलं. मग मी म्हणाले, "पण थोरलीची आई आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही चौघी घाट चढलो. चौथी थोरलीची मुलगी, तिशीची, आईसारखीच उंच म्हणे. घाटमाथ्यावर तलाव पहिल्यांदा दिसला तेव्हा धाकटी थबकली. आपलं गाव कुठल्या अंगाला होतं हे तिला सांगता येईना. मावशीनं हात धरून तिला पुढे नेलं.

खोपटाशी आधी मी गेले. घाटात मनाशी जुळवलेलं सगळं विसरले आणि एवढंच म्हणाले की पोरी बुडाल्या नव्हत्या. म्हातारीनं माझ्याकडे न बघता विचारलं, "किती आल्यात?"

"थोरली नाही," मी म्हणाले. "तिची लेक आली आहे."

ती भिंतीला धरून उठली. बाहेर येऊन तिनं आधी धाकटीच्या पाठीत एक धपाटा घातला, मग तिलाच कवटाळलं. नातीला मात्र तिनं पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग तिचा हात धरून तिला आत नेलं, चुलीपाशी बसवलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुमी बी या. भाकरी टाकतुया."